चार नगांची टोपली आणि सहा जणांचे टेबल

आम्ही सहा जण आहोत आणि डिमसमच्या, म्हणजे चहासोबतच्या छोट्या कँटनी खाण्याच्या, टोपलीत बहुधा तीन किंवा चारच नग येतात. सासू-सासरे, आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे गोल टेबलाभोवती बसलो की पहिल्या टोपलीचे झाकण निघण्याआधीच वाटणीचा प्रश्न उभा राहतो, आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी असल्यामुळे तो आणखी गुंतागुंतीचा होतो. घरापासून चालत जाता येईल अशा या छोट्या कँटनी उपाहारगृहात गेल्या वर्षभरात आम्ही सात वेळा जेवलो. त्यांपैकी दोनदा मनापासून तृप्त होऊन उठलो, एकदा चक्क रागावून परतलो आणि उरलेल्या वेळी बरे-वाईट दोन्ही अनुभव घेऊन घरी आलो. एवढ्यावरून माझे मत असे झाले आहे की येथील आचाऱ्यांचा हात उत्तम आहे, परंतु कोणता पदार्थ टेबलावर केव्हा यावा याकडे कोणाचेही लक्ष नाही. डिमसमची निम्मी चव त्या वेळेवर अवलंबून असते, म्हणून ती वेळ गिऱ्हाइकालाच सांभाळावी लागते.

टोपली इतकी लहान का, याचे उत्तर या जेवणाच्या नावातच आहे. कँटनी लोक या बैठकीला ‘यम चा’, म्हणजे ‘चहा पिणे’ असे म्हणतात. ग्वांगझौच्या, म्हणजे पूर्वीच्या कँटनच्या, जुन्या चहाघरांत झाकणाच्या पेल्यातला चहा आणि सोबत दोन खाण्याच्या वस्तू एवढीच माफक बैठक असे, आणि ‘एक पेला, दोन नग’ या अर्थाचा वाक्प्रचार कँटनी भाषेत आजही रूढ आहे. म्हणजे मुळात चहा मुख्य आणि खाणे त्याच्या जोडीला. आपण मात्र ते पोटभर जेवण समजून जातो आणि मग एका टोपलीत सहा तोंडे कशी भागवायची याचा हिशेब मांडत बसतो. आमच्या घरी आता असे ठरले आहे की ज्या पदार्थाचे चार नग येतात त्याच्या दोन टोपल्या मागवायच्या आणि सासूबाई सोडून पाच जणांना एकेक दिल्यावर उरलेले तीन नग ज्याला ज्याची आवड असेल त्याने घ्यायचे. यावर आजवर एकदाच भांडण झाले आहे, आणि ते मुलांमध्ये नव्हे, तर सासरे आणि त्यांचा मुलगा यांच्यात झाले.

स्वयंपाकघराची पारख करायची असेल तर हार गाऊ, म्हणजे कोळंबीचे अर्धपारदर्शक नग, सर्वांत आधी मागवावेत. त्यांची पारी साध्या मैद्याची नसते. गव्हाच्या पिठातले चिवट ग्लूटेन धुऊन काढल्यावर जे निव्वळ पांढरे सत्त्व उरते, त्यात टॅपिओकाचा स्टार्च मिसळून वरून उकळते पाणी ओततात आणि त्या उकडीचा गोळा मळतात. ग्लूटेन नसल्यामुळे हा गोळा ताणला की तुटतो. म्हणून बरेच आचारी पारी लाटत नाहीत, तर रुंद सुऱ्याच्या पात्याला किंचित तेल लावून ते गोळीवर दाबून फिरवतात आणि एका हिसक्यात कागदासारखी पातळ चकती तयार करतात. या चकतीला एकाच बाजूने निऱ्या घालायच्या असतात. सातपेक्षा कमी निऱ्या म्हणजे हात कच्चा, असा कँटनी आचाऱ्यांचा जुना दंडक आहे. माझ्या मुलीने पहिल्या भेटीपासून निऱ्या मोजण्याचे व्रत घेतले आहे. येथे तिला नऊपेक्षा कमी निऱ्या अद्याप मिळालेल्या नाहीत, आणि एकदा अकरा मिळाल्या तेव्हा तिने तो नग बराच वेळ खाल्लाच नाही.

निऱ्या दिसायला सुंदर असतात, पण खरी परीक्षा काड्यांनी नग उचलताना होते. पारी फाटून कोळंबी खाली पडली तर ती जास्त वाफवलेली किंवा फार पातळ आहे असे समजावे, आणि दातांना रबरासारखी लागली तर स्टार्चचे प्रमाण चुकले असे समजावे. येथील पारीतून कोळंबीचा गुलाबी रंग आरपार दिसतो, नग उचलताना ती किंचित थरथरते परंतु फाटत नाही, आणि आतील कोळंबी अगदी कुरकुरीत म्हणावी इतकी ताजी लागते. सारणात बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे असल्यामुळे मऊपणाला अधूनमधून छेद जातो. हे सर्व टोपली आल्यापासून पहिल्या चार-पाच मिनिटांचे वर्णन आहे. त्यानंतर पारीतला ओलावा उडू लागतो, ती घट्ट होते, खालच्या कागदाला चिकटते आणि उचलताना बूड कागदावरच राहून जाते. त्या अवस्थेतला नग खाऊन उपाहारगृहाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल, पण तो नग तसा होईपर्यंत टेबलावर पडून का राहिला, हा प्रश्न विचारायला हवा.

आमच्या रागाचे कारण हेच होते. पूर्वी येथे एक वयस्क बाई ढकलगाडीवर टोपल्यांचे मनोरे रचून टेबलांमधून फिरत असत, झाकण उचलून दाखवत असत आणि आपण हवे ते घेतले की टेबलावरच्या कार्डावर लहान, मध्यम किंवा मोठा असा शिक्का मारत असत. चौथ्या भेटीच्या वेळी गाडी बंद झाली होती आणि तिच्या जागी पदार्थांच्या नावांपुढे खुणा करायचा कागद आला होता. हा बदल जगभर होत आहे. हाँगकाँगमध्येसुद्धा सिटी हॉलमधील मॅक्झिम्स पॅलेससारख्या मोजक्याच ठिकाणी गाड्या उरल्या आहेत. गाडीवरचे पदार्थ फिरून फिरून गारठतात आणि मागणीनुसार वाफवलेले ताजे मिळतात, हा युक्तिवाद मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु गाडीमुळे एक गोष्ट आपोआप साधत असे : एका फेरीत दोन टोपल्या उतरायच्या, त्या संपेपर्यंत गाडी पुन्हा यायची. कागदावर आम्ही एकदम अकरा खुणा केल्या, आणि स्वयंपाकघराने त्या अकराही टोपल्या दहा-बारा मिनिटांत आमच्यापुढे आणून आदळल्या.

त्या दिवशी टेबलावर पेल्यांना जागा उरली नव्हती. मुलाला काड्यांनी खायला वेळ लागतो, सासऱ्यांना घाई सोसत नाही, आणि मी सासूबाईंसाठी काय चालेल ते तपासण्यात गुंतले होते. चेउंग फन, म्हणजे तांदळाच्या पातळ घावनाचे वाफवलेले रोल, आमच्यापर्यंत पाळी येईपर्यंत एकमेकांना चिकटून त्यांचा एकच लगदा झाला होता. वास्तविक हा पदार्थ येथे फार चांगला करतात. तांदळाचे पातळ पीठ तबकात ओतून मिनिट-दोन मिनिटांत वाफवतात, अर्धवट शिजत असताना त्यावर कोळंबी पसरतात, पट्टीने खरवडून गुंडाळतात आणि वर किंचित गोड केलेला सोया सॉस ओततात. तो गरम असताना अक्षरशः घशाखाली घसरतो. चा सिउ बाओचीही तीच गत झाली. भाजलेल्या गोडसर डुकराच्या मांसाचे सारण भरलेला हा पांढरा पाव वाफेवर फुलताना माथ्यावर तीन-चार पाकळ्यांनी उमलला पाहिजे. त्यासाठी कमी ग्लूटेनचे पीठ वापरतात आणि आंबवलेल्या पिठात ऐन वेळी बेकिंग पावडर मिसळतात. येथील पाव सुरेख उमलतो. परंतु गार झालेला पाव टाळूला चिकटतो आणि आतील रस्सा गोठून गिच्च होतो. शिवाय गर्दीमुळे त्या दिवशी काही पदार्थ स्टीलच्या भांड्यांत आले होते. बांबूच्या विणलेल्या झाकणातून वाफ थोडी शोषली जाते आणि थोडी बाहेर पडते. धातूच्या झाकणाला मात्र आतून पाणी साचते आणि ते नगांवर ठिबकते. आमचे सिउ माय, म्हणजे माथा उघडा ठेवलेले मांसाचे नग, अशा रीतीने डोक्यावर पाणी घेऊन ओलेचिंब बसले होते.

मी तक्रार केली तेव्हा वाढणाऱ्या मुलाने शांतपणे सांगितले, “ताई, सगळे एकदम लिहिले होते, म्हणून एकदम आणले.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण पहिल्यांदा कागद हातात घेणाऱ्या कुटुंबाला हे कोणी तरी सांगायला नको का? पुढच्या वेळेपासून मी एका वेळी चारच खुणा करून कागद देते, त्या टोपल्या निम्म्या संपल्या की दुसरा कागद मागते, आणि गोड पदार्थ अगदी शेवटी लिहिते. यावर कोणी कुरकुर केलेली नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये आठ-दहा मिनिटे मोकळी जातात, आणि त्या वेळेसाठीच तर चहा असतो.

चहाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण येथे तो माणशी आकारला जातो आणि बहुतेक लोक न विचारताच जस्मिन पत्करतात. या उपाहारगृहातील जस्मिन चहा पहिल्या पेल्याला सुगंधी आणि तिसऱ्याला कडवट असतो, कारण पाने किटलीतच राहतात आणि पाणी सतत उकळते घातले जाते. पुअर मागवावा. चीनच्या युन्नान प्रांतातला हा मुरवलेला चहा गडद, मातकट वासाचा आणि कितीही वेळ मुरला तरी सहसा कडू न होणारा असतो. तळलेल्या व चरबीयुक्त पदार्थांनंतर तोंड स्वच्छ करण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. मुलांसाठी शेवंतीच्या फुलांची वेगळी किटली मिळते. किटली रिकामी झाली की झाकण उलटे किंवा तिरके ठेवायचे, कोणी तरी येऊन पाणी भरते. हाका मारण्याची गरज नाही. शेजारच्याने पेला भरला की दोन बोटे वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची, हा आभाराचा कँटनी रिवाज माझ्या मुलाला इतका आवडला आहे की त्याचा पेला कोणी भरत नसतानाही तो टकटक करतो. आख्यायिका अशी की अठराव्या शतकातला चीनचा छ्येनलुंग सम्राट वेष पालटून फिरताना चहाघरात आपल्या सेवकाचा पेला भरू लागला. दंडवत घातला असता तर गुपित फुटले असते, म्हणून सेवकाने गुडघ्यांसारखी बोटे टेकवली. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यामुळे गोंगाटात ‘थँक यू’ ओरडावे लागत नाही. आणि गोंगाट भरपूर असतो. रविवारी अकरानंतर तर समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. वृद्ध मंडळी बरोबर असतील तर दहाच्या आत पोहोचावे.

सासूबाईंच्या जेवणाबाबत या ठिकाणाला मी जेमतेम उत्तीर्ण करीन. तिसऱ्या भेटीत मुळ्याचा केक, म्हणजे लो बाक गो, शाकाहारी आहे असे आम्हाला सांगण्यात आले. किसलेला पांढरा मुळा आणि तांदळाचे पीठ एकत्र वाफवून, गार झाल्यावर त्याच्या जाड चौकोनी वड्या तव्यावर खरपूस परततात. नाव आणि रूप दोन्ही निष्पाप. सासूबाईंनी पहिला घास तोंडात नेण्याआधी काडीने वडी फोडली, आतला नखाएवढा लालसर तुकडा वेगळा काढला आणि मला विचारले, “हे काय आहे गं?” ती सुकवलेली कोळंबी होती, तिच्याच शेजारी चिनी सॉसेजचा कण होता. व्यवस्थापकांनी लगेच क्षमा मागितली आणि तो पदार्थ बिलातून वगळला, हे नोंदवले पाहिजे. पण तेव्हापासून मी ‘शाकाहारी आहे का’ असा एकच प्रश्न विचारणे सोडून दिले आहे. त्याऐवजी मी वेगवेगळे विचारते : यात सुकी कोळंबी किंवा सॉसेज आहे का, डुकराची चरबी वापरली आहे का, सॉस कालवांचा म्हणजे ऑयस्टरचा आहे का. पालेभाजीवरसुद्धा येथे सवयीने ऑयस्टर सॉस ओतला जातो, तो आधी सांगून टाळावा लागतो. या चाळणीतून अखेर तीनच पदार्थ उरले : अळंबी आणि गाजराचे वाफवलेले नग, सोया दुधाच्या सायीच्या पापुद्र्यात गुंडाळलेले भाज्यांचे रोल आणि साधा चेउंग फन. अळंबीचे नग खरोखर चविष्ट आहेत. तरीही पुन्हा पुन्हा तेच तीन पदार्थ खाणाऱ्या माणसाच्या संयमाला दाद द्यावी लागेल, आणि एवढ्या लांबलचक यादीत चौथा पदार्थ घालणे आचाऱ्यांना अवघड नसावे.

सासऱ्यांची गोष्ट नेमकी उलट. त्यांना कोंबडीच्या पायांचे कुतूहल होते, आणि पहिल्या वेळी टेबलावरच्या इतर सर्वांनी नजर दुसरीकडे वळवली असताना त्यांनी ती टोपली एकट्याने संपवली. हे पाय आधी तळतात, मग थंड पाण्यात बुडवतात, त्यामुळे कातडी फुगून सैल व सुरकुतलेली होते. नंतर मसाल्याच्या पाण्यात शिजवून, आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये घोळवून शेवटी पुन्हा वाफवतात. तीन वेळा आच लागलेल्या त्या पायात मांस जवळजवळ नसतेच, असते ती रसाने भरलेली कातडी आणि खूप बारीक हाडे. हाडे तोंडातच वेगळी करायची असतात. सासरे ती एकेक करून ताटलीच्या काठावर ओळीने मांडत जातात, आणि ओळ पूर्ण झाल्यावरच पुढचा पाय उचलतात. हा पदार्थ मात्र थोडा थांबला तरी बिघडत नाही, म्हणून पहिल्याच कागदावर तो लिहायला हरकत नाही. कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात, लो माय गाय, हाही असाच थांबणारा. पानाच्या वासासाठी तो जरूर घ्यावा, पण मुलांना आधी देऊ नये, कारण एका भातात त्यांचे पोट भरते आणि पुढच्या सगळ्या टोपल्या मोठ्यांच्या वाट्याला येतात.

शियाओलुंगबाओ येथे मागवू नयेत. ते कँटनचे नव्हेतच, शांघायच्या परिसरातले आहेत. त्यांच्या सारणात गोठवलेला रस्सा घातलेला असतो आणि वाफेवर तो वितळून पारीच्या आत सूप तयार होते. येथे तीनही वेळा सूप टोपलीतच सांडलेले होते. लोक मागतात म्हणून यादीत ठेवला आहे, एवढेच त्याचे समर्थन दिसते.

बसण्याच्या सोयीबद्दल दोन गोष्टी. प्रवेशद्वाराशी तीन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही, त्यामुळे काठी वापरणाऱ्या माणसाला दोघांचा आधार लागतो. आधी फोन केल्यास मागच्या बाजूचे सपाट दार उघडून देतात, परंतु तशी पाटी कोठेही नाही. दुसरे म्हणजे सहा जणांसाठी फिरत्या तबकाचे गोल टेबल आवर्जून मागावे. चौघांची दोन टेबले जोडून दिली तर एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाची टोपली थंड होऊनच मिळते. बिल तपासून घ्यावे. आमच्या बिलात एकदा न आलेली टोपली लागली होती, आणि एकदा आलेली टोपली लागली नव्हती. दोन्ही वेळा आम्ही सांगितले आणि दोन्ही वेळा त्यांनी तितक्याच निर्विकारपणे दुरुस्ती केली.

उरलेले घरी न्यायचे असेल तर भात, पाव आणि मुळ्याचा केक न्यावा. हे तिन्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवले किंवा परतले की चांगले लागतात. हार गाऊ नेऊ नयेत. फ्रिजमध्ये त्यांची पारी कडक आणि पांढुरकी होते, आणि पुन्हा वाफवल्यावर बहुधा फुटते.

गोडात अंड्याचा तार्त, दान तात, ही येथील सर्वोत्तम वस्तू आहे. हाँगकाँगच्या खाद्यगृहांत १९४०च्या दशकापासून रुळलेला हा प्रकार वरून गुळगुळीत आणि फिकट पिवळा असतो. मकाऊचा काळे डाग पडलेला, वरून करपवलेला तार्त वेगळा. येथील कवच पापुद्र्यांचे आहे, आणि भट्टीतून आल्यावर पहिल्या काही मिनिटांत आतील कस्टर्ड ताटली हलवली की हलते. तो ठरावीक वेळेलाच भट्टीतून निघतो, म्हणून शेवटचा कागद देताना पुढचा घाणा केव्हा येणार हे विचारून घ्यावे. दहा मिनिटे थांबावे लागले तरी थांबावे. एका ताटलीत तीन तार्त येतात, म्हणजे दोन ताटल्यांत सहा. साऱ्या जेवणात हिशेब बरोबर जमण्याची ही एकच वेळ, पण सासूबाई अंडे खात नाहीत. सहावा तार्त मागच्या रविवारी डब्यात भरून घरी आणला, आणि संध्याकाळी डबा उघडला तेव्हा आत फक्त कागदाची वाटी होती.